फिलिपिनो व थाई समाज आणि संस्कृती

आग्नेय आशियातील दोन प्रमुख समाज व त्यांच्या संस्कृती. फिलिपिनो समाज सात हजारांहून अधिक बेटांच्या द्वीपसमूहात, तर थाई समाज मुख्य भूमीवरील चाऊ फ्राया नदीच्या खोऱ्यात व भोवतालच्या पठारी-डोंगराळ प्रदेशात विकसित झाला. एक बहुसंख्येने रोमन कॅथलिक व दुसरा थेरवादी बौद्ध. एक साडेतीन शतके पाश्चात्त्यांच्या ताब्यात राहिलेला, तर दुसरा वसाहत न झालेला. या ठळक भेदांमुळे हे समाज मुळातच भिन्न असल्याचा समज सर्वत्र आढळतो. तथापि कुटुंब, नातेसंबंध व ग्रामजीवन या पातळीवर त्यांचा पाया बराचसा एकच असून भेद मुख्यत्वे त्यावर उभारलेल्या धर्मसंस्थेचा आहे. ही संस्था गावातील मुलाला खुली होती की नाही, या एका गोष्टीने दोन्ही देशांच्या आधुनिक इतिहासाला निरनिराळे वळण दिले.

पाण्याखालच्या जमिनीतील भातशेती, खांबांवर उभारलेली घरे, भात व खारवलेल्या मासळीचा आहार आणि झाडे, शेते, वास्तू यांत वसणाऱ्या अदृश्य शक्तींवरील (थाई ‘फी’, टागालोग ‘अनितो’) श्रद्धा या गोष्टी दोहोंकडे आढळतात. नाते आईच्या व वडिलांच्या बाजूने सारखेच मोजले जाते. त्यामुळे कुळ, गोत्र किंवा जात यांसारखी रचना निर्माण झाली नाही. विवाहात द्रव्य वराकडून वधूच्या कुटुंबाकडे जाते (थाई ‘सिनसोद’, टागालोग ‘बिगाय-काया’). थायलंडच्या उत्तर व ईशान्य भागांत जावई सासुरवाडीस राहावयास जाई आणि घर बहुधा धाकट्या मुलीकडे येई. बाजार व घरचा पैसा स्त्रियांच्या हाती असणे हेही दोहोंकडे समान आहे. उपकाराची जाणीव ही नीतीची मुख्य कसोटी मानली जाते. तिला थाई भाषेत ‘बुनखुन’ म्हणतात. त्यात संस्कृतातील पुण्य व गुण हे शब्द ओळखू येतात. टागालोग भाषेतील ‘उतांग ना लोओब’ याचा शब्दशः अर्थ ‘अंतरीचे ऋण’ असा आहे.

भारतीय संस्काराची खोली मात्र वेगळी आहे. मानिलाजवळच्या लागूना प्रांतात १९८९ मध्ये सापडलेल्या ताम्रपटावर शके ८२२ (इ. स. ९००) मधील वैशाख महिन्याचा उल्लेख असून, नामवरान नावाच्या व्यक्तीचे कर्ज फिटल्याची नोंद त्यात आहे. कालगणना शकाची, भाषा जुनी मलायी व तीत संस्कृत शब्द विपुल. टागालोगमधील ‘गुरो’ (शिक्षक), ‘मुखा’ (चेहरा), ‘आसा’ (आशा) हे शब्द त्याच काळातील संपर्काचे अवशेष होत. परंतु या संपर्कातून फिलिपीन्समध्ये राजपीठ, मंदिर वा ग्रंथपरंपरा उभी राहिली नाही. देवता या शब्दापासून आलेला ‘दिवाता’ तेथे वनातील परीचा वाचक झाला. थाई ‘थेवादा’ मात्र स्वर्गातच राहिला. सयाममध्ये ख्मेर लोकांच्या द्वारे लिपी, राजविधी व रामकथा आली, श्रीलंकेशी संबंधित थेरवाद आला आणि सुखोथाई व अयुध्या (१३५१–१७६७) येथील राजांनी संघाला आश्रय दिला.

या भेदाचा परिणाम सोळाव्या-सतराव्या शतकांत दिसून आला. १५२१ मध्ये मॅगेलन मॅक्टान बेटावर मारला गेला, तरी १५६५ मध्ये लेगास्पीने सेबू येथे ठाणे दिले व १५७१ मध्ये मानिला घेतले. मानिलात व दक्षिणेकडील बेटांत इस्लाम पोहोचला होता. पण सखल प्रदेशातील बहुतेक लोक ‘बारांगाय’ नावाच्या लहान लहान वस्त्यांत, आपापल्या ‘दातू’च्या (नायकाच्या) हाताखाली राहत होते. ख्रिस्ती भिक्षूंनी या विखुरलेल्या वस्त्या चर्चच्या घंटेचा आवाज पोहोचेल अशा अंतरात एकत्र आणल्या. आजची बहुतेक जुनी गावे अशीच वसली आहेत. पूर्वीचे पौरोहित्य बहुधा स्त्रियांकडे (‘बाबायलान’) होते, ते मोडून काढण्यात आले. सयामला मात्र स्वतःचा राजा, धर्मग्रंथ व भिक्षू होते. नाराय राजाच्या (कार. १६५६–८८) दरबारी चौदाव्या लुईचे वकील आले, पण धर्मांतराची त्यांची आशा फोल ठरली आणि १६८८ च्या उठावानंतर फ्रेंच सैन्याला देश सोडावा लागला.

थाई ग्रामजीवनात विहार हा गावाचाच असतो. तरुणाने निदान एका वर्षाकाळापुरती प्रव्रज्या घ्यावी व तिचे पुण्य आईवडिलांना, विशेषतः आईला, अर्पण करावे असा प्रघात आहे. शेतकऱ्याचा मुलगा विहारात अक्षरे शिकत असे आणि बुद्धी असल्यास पाली परीक्षांच्या पायरीने राजधानीपर्यंत पोहोचत असे. राजवंशातील मोंगकुट हा गादीवर येण्यापूर्वी २७ वर्षे (१८२४–५१) भिक्षू होता. त्याने या काळात इंग्रजी व लॅटिन भाषा आत्मसात केल्या आणि धम्मयुत हा सुधारणावादी पंथ स्थापन केला. सुधारणेची भाषा अशा रीतीने धर्मसंस्थेच्या आतूनच निघाली.

फिलिपीन्समध्ये हाच मार्ग बंद होता. महत्त्वाची धर्मग्रामे स्पॅनिश भिक्षूसंघांकडे असत. एतद्देशीय धर्मगुरूला बहुधा दुय्यम स्थान मिळे. लुकबान येथील आपोलिनारियो दे ला क्रूझ (१८१५–४१) या तरुणाला एतद्देशीय म्हणून धर्मसंघात प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा त्याने आपल्या लोकांचे स्वतंत्र भक्तमंडळ काढले. सरकारने ते बंड मानून १८४१ मध्ये चिरडले व त्याला देहान्ताची शिक्षा दिली. पुढे १८७२ च्या फेब्रुवारीत मारिआनो गोमेझ, होसे बुर्गोस व हासिंतो सामोरा या तीन धर्मगुरूंना काव्हीते येथील सैनिकी उठावात गोवून जाहीररीत्या मारण्यात आले. एतद्देशीय धर्मगुरूंच्या हक्कांची मागणी हा बुर्गोस याचा खरा अपराध होता. होसे रिझालने आपली दुसरी कादंबरी (१८९१) या तिघांना अर्पण केली. फिलिपिनो राष्ट्रवादाला चर्चविरोधाची जी धार आहे, ती श्रद्धेच्या अभावातून नव्हे, तर श्रद्धावंतांच्या अवमानातून आली. १९०२ मध्ये रोमपासून वेगळे झालेले स्वतंत्र फिलिपीन चर्च हे त्याचेच फलित होय.

योगायोग असा, की १८७२ च्या त्याच पहिल्या महिन्यांत सयामचा तरुण राजा चुलालंकरण (कार. १८६८–१९१०) कलकत्ता, दिल्ली, मुंबई व बनारस असा भारताचा दौरा करीत होता. वसाहतीचा कारभार कसा चालतो, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले आणि पुढे तशीच यंत्रणा स्वतःच्या राज्यात उभारली. ‘वसाहत न झालेला देश’ हे थायलंडचे वर्णन यामुळे काहीसे अपुरे ठरते. ईशान्येकडील लाओ भाषिक, उत्तरेकडील लान्ना आणि दक्षिणेकडील पट्टणी येथील मलायी मुसलमान यांच्या दृष्टीने बँकॉकची राजवट परकीय सत्तेहून फार निराळी नव्हती. ईशान्य भागात १९०१-०२ मध्ये ‘फू मी बुन’ म्हणजे पुण्यवंत म्हणविणाऱ्यांचे बंड झाले, तेही शस्त्रबळाने मोडण्यात आले. १९०२ च्या संघविषयक कायद्याने सर्व भिक्षू एका उतरंडीखाली आले. लान्नामधील लोकप्रिय भिक्षू क्रूबा सिविचाई (१८७८–१९३९) याला परवानगीवाचून दीक्षा दिल्याच्या आरोपावरून वेळोवेळी स्थानबद्ध केले गेले. फिलिपीन्समध्ये जे काम स्पॅनिश भिक्षूने केले, ते येथे काही अंशी राजधानीतील भिक्षूने केले, असे म्हणता येईल.

आडनावांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. कुळाची कल्पना नसल्याने दोन्ही समाजांत वंशपरंपरागत आडनावे सार्वत्रिक नव्हती. फिलिपीन्समध्ये गव्हर्नर जनरल क्लाव्हेरियाने २१ नोव्हेंबर १८४९ रोजी हुकूम काढून आडनावांची एक वर्णानुक्रमी यादी प्रांतोप्रांती पाठविली. हेतू करवसुली व नोंदणी सुलभ करण्याचा होता. यादीची पाने गावांना वाटून दिल्यामुळे काही ठिकाणी सगळ्या गावाची आडनावे एकाच अक्षराने सुरू झाली. आल्बाय प्रांतातील ओआस येथे आजही ‘र’ने सुरू होणाऱ्या आडनावांचा भरणा आहे. फिलिपिनो माणसाचे स्पॅनिश आडनाव त्यामुळे स्पॅनिश रक्ताची खूण ठरत नाही. गोव्यातील ख्रिस्ती समाजात पोर्तुगीज आडनावे बाप्तिस्म्याच्या वाटेने आली. येथे ती बव्हंशी कचेरीतून आली. सयाममध्ये वजिरावुध राजाने १९१३ मध्ये आडनावांचा कायदा केला आणि सहा हजारांहून अधिक आडनावे स्वतः घडवून दिली. बरीचशी पाली-संस्कृत शब्दांतून बनविलेली असून, एक आडनाव एकाच कुटुंबाचे असावे असा नियम होता. तरीही थाई मनुष्य औपचारिक प्रसंगीसुद्धा पहिल्या नावानेच ओळखला जातो. फिलिपिनो गावात नात्याचे जाळे बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्यामुळे (‘निनोंग’) व धर्ममातेमुळे (‘निनांग’) विस्तारते. निवडणुकीच्या राजकारणात या नात्यांना मोठी किंमत आहे.

स्त्रियांच्या स्थितीबाबत तुलना सरळ नाही. अन्तोनियो दे मोर्गा याच्या १६०९ मधील ग्रंथावरून स्पॅनिशपूर्व काळात घटस्फोट सहज मिळत असल्याचे दिसते. अमेरिकन राजवटीत १९१७ च्या कायद्याने मर्यादित घटस्फोट मान्य झाला. १९५० मध्ये अंमलात आलेल्या नागरी संहितेने तो पुन्हा रद्द केला. आज मुसलमानांसाठीचा वैयक्तिक कायदा वगळता तेथे घटस्फोटाची सर्वसाधारण तरतूद नाही. थायलंडमध्ये परस्परसंमतीचा घटस्फोट कचेरीतील नोंदणीने होतो, बहुपत्नीत्व १९३५ मध्ये कायद्यातून गेले आणि २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहही मान्य झाला. परंतु तेथील संघाने १९२८ च्या आदेशान्वये स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई केली आहे. लोकसंख्येतही हा भेद उमटला. १९७० च्या जनगणनांत फिलिपीन्सची लोकसंख्या सु. ३·६७ कोटी व थायलंडची सु. ३·४४ कोटी म्हणजे जवळजवळ सारखी होती. २०२० मध्ये ती अनुक्रमे सु. १०·९ व ६·६ कोटी झाली. थायलंडमध्ये कुटुंबनियोजनाला १९७० नंतर विहारांकडून विरोध झाला नाही. फिलिपीन्समध्ये मात्र चर्चच्या विरोधामुळे तत्संबंधीचा कायदा २०१२ पर्यंत रखडला.

ग्रामीण धार्मिक जीवनात मात्र दोन्ही समाज पुन्हा जवळ येतात. पवित्र सप्ताहात फिलिपिनो खेड्यांत ख्रिस्ताच्या यातनांचे पद्यमय ‘पासयोन’ आळीपाळीने रात्रंदिवस गायिले जाते. थाई विहारांत वेस्संतर जातकाच्या तेरा पर्वांचे पठण दिवसभर चालते. मुले व पत्नी दान देणाऱ्या राजपुत्राची ती कथा ऐकताना बायका डोळ्यांना पदर लावतात.