पाण्याचा हिशेब मांडणारा सरपंच

आजऱ्यात बसून दुष्काळावर लिहायचं म्हणजे लोक हसणारच. आंबोलीच्या डोंगरातून निघालेली हिरण्यकेशी आमच्या तालुक्यातून वाहते; आषाढात इथं ऊन पडलं तर ती बातमी होते. तरीही उन्हाळ्यात ऊस वाळू लागला की पाण्याच्या पाळीवरून कुरबुरी सुरू होतात. म्हणून मला हिवरे बाजारचा इतिहास महत्त्वाचा वाटतो.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हे गाव. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची पार रया गेली. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसं मजुरीसाठी बाहेर पडली आणि मागे राहिलेल्यांना दारूनं घेरलं. अशा गावात १९८९ साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. शिक्षण एम. कॉम., नाद क्रिकेटचा. पर्यावरणाची पदवी वगैरे काही नव्हती.

कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान हे सगळं झालं. चर खणले, बंधारे घातले, झाडं लावली. पण चर आणि बंधारे महाराष्ट्रात गावोगाव झाले आणि पुष्कळ ठिकाणी गाळानं भरूनही गेले. हिवरे बाजारचं वेगळेपण पाणी आल्यानंतर दिसलं. शेतीसाठी बोअर मारायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असं ग्रामसभेनं ठरवलं. पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जाऊ लागला. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग पिकं. पाऊस कमी झाला तर रब्बीचं क्षेत्र कमी. वाणिज्य शाखेचा माणूस, त्यामुळे शिल्लक बघूनच खर्च!

याच ग्रामसभेच्या गावानं आपल्या एकुलत्या एका मुस्लिम कुटुंबासाठी मशीदही बांधली. त्याची चर्चा मात्र पाण्याइतकी होत नाही.

२०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. मला अप्रूप वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्यांची मतं मागायची त्यांनाच ऊस लावू नका म्हणायचं, आणि तरीही निवडून यायचं! गवशाला साखर कारखाना असलेल्या आमच्या तालुक्यात हे बोलायला कोण धजेल? ऊस राहू द्या. पण आमच्याकडे हिवरे बाजारच्या कितीतरी पट पाऊस पडतो, आणि तो मोजून ग्रामसभेत वाचून दाखवीन, असं आश्वासन मी अजून एकाही प्रचारसभेत ऐकलेलं नाही.