स्क्लेरोडर्मा : कोणत्या अवयवाला धोका, हे आधी कसे ओळखतात?

‘स्क्लेरोडर्मा’ हे नाव ‘कठीण’ आणि ‘त्वचा’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. बोटांची, हातांची आणि चेहऱ्याची कातडी ताठ व जाड होत जाणे, हे या आजाराचे डोळ्यांना दिसणारे रूप होय. नेपल्समधील वैद्य कार्लो कुर्झिओ यांनी १७५३ मध्ये अशा एका तरुणीच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर दीर्घकाळ हा प्रामुख्याने त्वचेचा विकार मानला गेला. १९४५ मध्ये केपटाउन येथील रॉबर्ट गोएत्झ यांनी तो सर्व शरीराला व्यापणारा आजार असल्याचे मांडले आणि त्याला ‘प्रोग्रेसिव्ह सिस्टेमिक स्क्लेरोसिस’ असे नाव सुचवले. आज वैद्यकीय ग्रंथांत तो ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस’ या नावाने ओळखला जातो.

या रुग्णांच्या जिवाला मुख्य धोका संभवतो तो फुप्फुसे, हृदय आणि मूत्रपिंडे यांना होणाऱ्या इजेमुळे. ही इजा सर्वांना सारखी होत नाही. एकाच वयाच्या दोन रुग्णांपैकी एकीला वीस वर्षे फक्त बोटांचा त्रास राहतो, तर दुसरीच्या फुप्फुसांची क्षमता दोन वर्षांत झपाट्याने घटते. कोणत्या रुग्णाच्या कोणत्या अवयवावर, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर लक्ष ठेवायचे, हे आधी ठरवता येणे हा या आजाराच्या उपचारातील कळीचा प्रश्न आहे.

आजाराची घडण

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटणे, लहान रक्तवाहिन्या आकुंचन पावून अरुंद होणे आणि ऊतींमध्ये कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा अतिरेकी साठा होणे, या तीन प्रक्रिया या आजारात एकत्र चालतात. त्वचेत साठलेल्या तंतूंमुळे त्वचा ताठरते, फुप्फुसांत साठले तर श्वास अपुरा पडतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार कितीतरी अधिक आढळतो आणि तो बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. तो संसर्गजन्य नाही. दगडखाणी, दगड कापण्याचे कारखाने यांसारख्या ठिकाणी सिलिकाची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांत मात्र त्याचा धोका वाढतो. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांविषयीचे यासंबंधीचे निरीक्षण १९५७ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

पहिली खूण बोटांवर

बहुतेक रुग्णांत आजाराची सुरुवात ‘रेनॉ’ या लक्षणाने होते. फ्रेंच वैद्य मोरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले. गारवा लागला किंवा मनावर ताण आला की बोटे पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळताच लालसर होऊन ठणकतात. गोव्यासारख्या उष्ण, दमट प्रदेशात हे लक्षण सहज नजरेआड होते. वातानुकूलित कार्यालयात बसल्यावर, फ्रीजमध्ये हात घातल्यावर किंवा बर्फातली मासळी हाताळताना ते जाणवते आणि ‘बोटे बधिर झाली’ एवढ्यावर विषय संपतो.

रेनॉचा त्रास असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना स्क्लेरोडर्मा कधीच होत नाही. मग कोणाला होईल? कॅनडातील संशोधकांनी रेनॉचा त्रास असलेल्या ५८६ जणांचा वीस वर्षांच्या काळात मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत विशिष्ट बिघाड आणि रक्तात या आजाराची प्रतिपिंडे, या दोन्ही खुणा ज्यांच्यात आरंभीच होत्या, त्यांच्यापैकी ७९.५ टक्के जणांना पुढे हा आजार झाला. ज्यांच्यात दोन्ही नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण फक्त १.८ टक्के होते. नखाच्या कडेवर तेलाचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाने पाहण्याची तपासणी आणि रक्ताची चाचणी, एवढ्यावर ही विभागणी करता येते.

त्वचेचा विस्तार आणि काळ

निदान झाल्यावर त्वचा कोठपर्यंत जाड झाली आहे, हे डॉक्टर प्रथम पाहतात. १९८८ मध्ये रूढ झालेल्या वर्गीकरणानुसार कोपरांच्या व गुडघ्यांच्या खालचा भाग आणि चेहरा एवढ्यापुरता बदल असेल तर तो ‘मर्यादित’ प्रकार. दंड, मांड्या, छाती किंवा पोट येथपर्यंत तो पोहोचला तर ‘विसरित’ प्रकार. शरीराच्या १७ ठिकाणी त्वचा चिमटीत धरून प्रत्येक जागेला ० ते ३ गुण दिले जातात. एकूण ५१ पैकी मिळालेला हा ‘रॉडनन’ गुणांक किती वेगाने वाढतो, यावरून आजाराची गती समजते.

विसरित प्रकारात अवयवांची गंभीर हानी बहुधा पहिल्या तीन ते पाच वर्षांत होते. मर्यादित प्रकाराची चाल संथ असते, परंतु अनेक वर्षांनी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढण्याचा धोका त्यात राहतो. त्यामुळे ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे तपासणी थांबवण्याचे कारण ठरत नाही.

प्रतिपिंडे काय सांगतात?

रक्तातील प्रतिपिंडे हा अंदाजाचा सर्वांत उपयुक्त आधार आहे. रुग्णाच्या रक्तात बहुधा त्यांचा एकच मुख्य प्रकार असतो आणि तो सहसा बदलत नाही.

सेंट्रोमिअरविरोधी प्रतिपिंड बहुधा मर्यादित प्रकारात आढळते. अशा रुग्णांत फुप्फुसांतील तंतुमयता कमी दिसते, मात्र फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील उच्च दाबाकडे लक्ष द्यावे लागते. एससीएल-७० या नावाने ओळखले जाणारे टोपोआयसोमरेजविरोधी प्रतिपिंड फुप्फुसांच्या तंतुमयतेशी निगडित आहे. आरएनए पॉलिमरेज-३ विरोधी प्रतिपिंड असलेल्या रुग्णांत त्वचा वेगाने जाड होते आणि मूत्रपिंडांवर अचानक संकट येण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्यांच्यापैकी काहींना आजाराच्या आरंभाच्या सुमारास कर्करोग झाल्याचेही आढळले आहे. म्हणून डॉक्टर त्या दृष्टीनेही तपासणी करतात.

मूत्रपिंड : इतिहासाने दिलेला धडा

आगाऊ ओळख आणि योग्य औषध एकत्र आले की काय घडते, हे मूत्रपिंडाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. या आजारात कधी कधी रक्तदाब अचानक चढतो आणि काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. एकेकाळी हे संकट म्हणजे बहुतांशी मृत्यूच होता. १९७९ पासून कॅप्टोप्रिल आणि त्या गटातील ‘एसीई इनहिबिटर’ औषधांचा उपयोग दिसू लागला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ही औषधे मिळालेल्यांपैकी ७६ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते, न मिळालेल्यांपैकी केवळ १५ टक्के. पिट्सबर्ग येथील रुग्णांच्या १९७२ ते २००२ या काळातील नोंदींनुसार, या आजारामुळे झालेल्या मृत्यूंमध्ये मूत्रपिंडाच्या संकटाचा वाटा ४२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला. त्याच काळात फुप्फुसांच्या तंतुमयतेचा वाटा ६ वरून ३३ टक्क्यांवर गेला.

हे संकट बहुधा पहिल्या चार-पाच वर्षांत येते. विसरित प्रकार, झपाट्याने जाड होणारी त्वचा आणि पॉलिमरेज-३ प्रतिपिंड या त्याच्या पूर्वखुणा होत. दिवसाला १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन घेतल्याने हा धोका वाढतो. सांधे दुखतात म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या परस्पर घेण्याची सवय या रुग्णांना महागात पडू शकते. उलट, संकट येण्यापूर्वीच खबरदारी म्हणून एसीई इनहिबिटर सुरू केल्याने संरक्षण मिळत असल्याचे सिद्ध झालेले नाही. येथे उपयोगी पडते ते घरचे रक्तदाबाचे यंत्र. एरवी १०० असणारा वरचा दाब १३० झाला, तर तो आकडा इतरांसाठी साधारण असला तरी या रुग्णासाठी इशारा असतो. थोड्या रुग्णांत मात्र रक्तदाब न वाढताही हे संकट येते. म्हणून रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणीही आवश्यक ठरते.

फुप्फुसे : लक्षणांची वाट पाहू नये

फुप्फुसांत तंतू साठू लागले तरी आरंभी खोकला किंवा धाप नसते. छातीच्या साध्या एक्स-रेतही ते सुटून जाऊ शकतात. फुंकर मारून घेतलेली श्वासक्षमतेची चाचणी योग्य आली तरी सीटी स्कॅनवर बदल दिसू शकतात. त्यामुळे निदान होताच प्रत्येक रुग्णाचा उच्च दर्जाचा सीटी स्कॅन एकदा तरी करावा, असे तज्ज्ञ सांगतात. लंडनमधील संशोधकांनी २००८ मध्ये सोपा निकष मांडला. फुप्फुसांचा २० टक्क्यांहून अधिक भाग बाधित असेल, तर धोका मोठा. स्कॅनवरून ठरवणे कठीण असेल, तर श्वासक्षमता अपेक्षेच्या ७० टक्क्यांखाली आहे का, हे पाहायचे.

धोका ओळखण्याला आज अर्थ आहे, कारण उपचार उपलब्ध आहेत. सायक्लोफॉस्फमाइड आणि मायकोफेनोलेट यांचा उपयोग मोठ्या चाचण्यांत तपासला गेला आहे. अमेरिकेत याच कारणासाठी २०१९ मध्ये निन्टेडानिबला आणि २०२१ मध्ये टोसिलिझुमॅबला मान्यता मिळाली. ही औषधे ऱ्हास मंदावतात. नष्ट झालेला भाग सहसा परत मिळत नाही.

फुप्फुसांतील रक्तदाब

हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. दंडावर मोजलेल्या रक्तदाबात हे कळत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिटेक्ट’ या अभ्यासात १८ देशांतील ४६६ रुग्ण होते. आजाराला तीन वर्षांहून अधिक काळ झालेले आणि फुप्फुसांतून रक्तात वायू जाण्याची क्षमता ६० टक्क्यांखाली गेलेले रुग्ण त्यासाठी निवडले होते. त्यांच्यापैकी १९ टक्के जणांत हा विकार आढळला.

या अभ्यासातून दोन पायऱ्यांची पद्धत तयार झाली. पहिल्या पायरीत श्वासचाचणीतील दोन क्षमतांचे गुणोत्तर, त्वचेवरील बारीक लाल ठिपके, सेंट्रोमिअर प्रतिपिंड, हृदयावरील ताण दाखवणारे रक्तातील एक द्रव्य, युरिक आम्ल आणि ईसीजी यांवरून गुण काढतात. ठरावीक गुणांच्या वर गेलेल्यांची इको तपासणी होते. त्यानंतरही शंका उरली, तर हृदयात नळी घालून दाब मोजतात. पक्के निदान त्यानेच होते. त्या वेळच्या युरोपीय पद्धतीने २९ टक्के बाधित रुग्ण निसटत होते, या पद्धतीने ४ टक्के. त्यासाठी किंमतही मोजावी लागली. नळीची तपासणी ४० ऐवजी ६२ टक्के रुग्णांना सुचवली गेली.

अंदाजाची मर्यादा

टक्केवारी ही समूहाची असते. सेंट्रोमिअर प्रतिपिंड असलेल्या रुग्णालाही फुप्फुसांचा त्रास होऊ शकतो, तर एससीएल-७० असूनही एखाद्याची फुप्फुसे वर्षानुवर्षे टिकतात. त्वचा मऊ पडू लागली म्हणजे आतले अवयवही सुधारले, असे समजणे धोक्याचे आहे. काही वर्षांनी त्वचा बहुधा आपोआप थोडी सैल होते. शिवाय अन्ननलिका आणि आतडी बहुसंख्य रुग्णांत बाधित होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. या गुंतागुंतींसाठी एकच विश्वासार्ह गुणतक्ता नाही. प्रतिपिंडाच्या अहवालाकडे भविष्यवाणी म्हणून पाहू नये. कोणती तपासणी किती वेळाने करायची, हे ठरवण्यासाठी त्याचा उपयोग करावा.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

निदान होताच प्रतिपिंडांचा प्रकार, त्वचेचा गुणांक, सीटी स्कॅन, श्वासक्षमतेच्या दोन्ही चाचण्या, इको, ईसीजी आणि मूत्रपिंडांची तपासणी यांची नोंद एका वहीत ठेवावी. पुढील प्रत्येक अहवाल तिच्याशी ताडून पाहता येतो. आरंभीच्या वर्षांत, विशेषतः विसरित प्रकारात, श्वासक्षमता काही महिन्यांच्या अंतराने आणि पुढे सहसा वर्षातून एकदा तपासतात. इको वर्षातून एकदा करतात. रक्तदाब घरीच नियमित मोजावा. अचानक डोके दुखणे, दृष्टी अंधुक होणे, लघवी कमी होणे, जिना चढताना नवी धाप लागणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही घडले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कोणतेही नवे औषध, विशेषतः स्टिरॉइड, सुरू करण्यापूर्वी आपला आजार डॉक्टरांना सांगावा आणि ती वही त्यांच्यापुढे ठेवावी.