नऊ आणि नऊ अठरा

सांगलीत आमचं सायकलचं दुकान होतं. तासावर भाड्यानं द्यायच्या अकरा सायकली आणि बाकी दुरुस्ती. ओव्हरहॉलिंगला आमच्याकडे ‘ओव्हरऑइल’ म्हणत आणि पाटीवरही अण्णांनी तसंच रंगवून घेतलं होतं. हब उघडायचा, रॉकेलनं धुवायचा, जुनं काळं ग्रीस पुसून नवं भरायचं. छर्रे मोजायचं काम माझं. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंना दहा-दहा, मागच्याला नऊ-नऊ. अण्णा माप सुतात सांगायचे: “पुढं दीड सूत, मागं दोन सूत.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड सूत म्हणजे ३/१६ इंच हे मला अपूर्णांक शिकण्याआधीच पाठ होतं.

१९७४ च्या पावसाळ्यात एका गवळ्याची सायकल आली. मागं दोन्हीकडे दुधाचे कॅन, चाक फिरवलं की कटकट आवाज. अण्णा बाजारात गेले होते. मी हब खोलला तर एका बाजूच्या नऊपैकी एक छर्रा फुटून दोन तुकडे झालेला. बाकीचे आठ बरे दिसले. डबीतून एक नवा काढला, ग्रीसमध्ये चिकटवला, छर्रे ज्यावर लोळतात तो आसावरचा कोन आवळला. चाक गुळगुळीत फिरलं आणि मी खूश झाले.

पंधरा दिवसांत गवळी परत आला. या वेळी अण्णांनीच हब उघडला. रागावले नाहीत. कोन पुसला, माझ्या हातात बॉलपेन दिलं आणि म्हणाले, “टोक गोलाकार फिरव. कुठं अडखळतंय सांग.” अडखळत होतं, एकदा नाही, चारदा. डोळ्यांना न दिसणारे खड्डे पेनाला कळत होते.

“जुने आठ झिजून बारीक झालेले, अगं. त्यात तू नवा घातलास. तो घरातला थोरला झाला. सगळं ओझं त्याच्याच डोक्यावर. छर्रे बदलायचे तर अठराच्या अठरा.”

पुढं मी तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवू लागले, तेव्हा कळलं की छऱ्यांचा सगळा इतिहास या थोरल्याभोवतीच फिरतो.

आसाला गोळ्या लावायची कल्पना सायकलीहून जुनी. वेल्समधल्या फिलिप वॉननं घोडागाडीच्या आसासाठी तिचं पेटंट १७९४ सालीच घेतलं होतं. सायकलीला छर्रे लावले ते पॅरिसच्या ज्यूल स्यूरिरे या मेकॅनिकनं. त्याच्या पेटंटची तारीख ३ ऑगस्ट १८६९. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ अशी १२३ किलोमीटरची शर्यत झाली. ती जेम्स मूरनं साडेदहा तासांच्या आसपास जिंकली आणि त्याच्या सायकलीला स्यूरिरेचे छर्रे होते. दुकानदाराला याहून मोठी जाहिरात कुठली?

पण अडचण छऱ्यांचीच होती. एकेक गोळी गोल करता येते, शेकडो गोळ्या एकसारख्या गोल करणं अवघड. एक जरी केसभर मोठी निघाली, तरी आमच्या गवळ्याच्या चाकाची गत. हा पेच श्वाइनफुर्ट या जर्मन गावात सुटला. फ्रीडरिश फिशरनं १८८३ साली पोलादी गोळ्या घासायचं यंत्र तयार केलं. गोळ्या दोन तबकड्यांमध्ये घासताना दाब आधी पडतो तो मोठ्या गोळ्यांवर. लहान गोळ्या तेवढा वेळ नुसत्या लोळत राहतात. मोठ्या झिजत झिजत त्यांच्या बरोबरीला आल्या की मग सगळ्या सारख्याच घासल्या जातात. म्हणजे यंत्रातही मार खातो थोरलाच. फरक इतकाच, की तिथं त्या मारानं सगळे सारखे होतात आणि हबमध्ये त्याच मारानं कोन फुटतो.

त्या यंत्रामुळं श्वाइनफुर्ट बेरिंगचं गाव झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं त्यावर वारंवार मोठे हवाई हल्ले केले. १४ ऑक्टोबर १९४३ च्या एका दिवसात त्यांनी ६० बॉम्बर गमावले. ज्या वस्तूवाचून रणगाड्याचं आणि विमानाचं चाक फिरत नव्हतं, तिची घाऊक पैदास तिथं सुरू झाली होती.

आज भाचा नव्या सायकलीचा हब घेऊन येतो आणि विचारतो, “मावशी, कुठले आणू?” मी सांगते: आधी जुना छर्रा मायक्रोमीटरनं मोज. मागचा ६.३५ मिलिमीटरच्या जवळपास भरेल, पुढचा ४.७६ च्या. जगभर मिलिमीटर आले, तरी हबातली गोळी अजून इंचातच आहे. दुकानदार “सहाचा चालतो” म्हणाला तर हसून परत ये. पाकिटावर ग्रेड बघ. २५ ग्रेड म्हणजे गोलाईतला फरक ०.६ मायक्रॉनच्या आत, १०० असेल तर त्याच्या चौपट सूट. एका हबाचे सगळे एकाच पाकिटातले घे, दोन पाकिटांचे मिसळू नकोस. पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवलेले मिळतात, ते बसवायला सोपे, पण पिंजराच जागा खातो आणि गोळ्या कमी बसतात. सुटे भरायचे, शेवटी थोडी फट ठेवायची, ठासून भरायचे नाहीत. आणि हे सगळं करण्याआधी कोनावर पेन फिरव. त्यावर खड्डे पडले असतील तर तो नव्या छऱ्यांना चार दिवसांत जुनं करील.

अण्णांची डबी माझ्याकडे आहे, पावडरची, पत्र्याची. गवळ्याच्या हबातले ते आठ छर्रे त्यांनी कागदाच्या पुडीत वेगळे ठेवले होते. परवा ते मोजले. आठही ६.३५ च्या खाली, एकमेकांच्या अगदी जवळ. इतकी वर्षं सोबत झिजलेले. पुडीत नववाही होता, मी घातलेला. त्याची पाठ फुटलेली, पण धड बाजूनं मोजला तर ६.३५.