मुंबईच्या बागा आणि आपण

मुंबईच्या बागांचा इतिहास चाळताना मला एक गोष्ट विशेष जाणवली. मोकळी जागा शहराला आपोआप लाभत नाही. ती कोणीतरी राखावी लागते.

भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. पुढे मलबार टेकडीवर पाण्याच्या टाकीच्या माथ्यावरही बाग फुलली. परंतु दाट वस्तीतल्या माणसाला मोकळी हवा हवी, हे राज्यकर्त्यांना पटले ते १८९६ च्या प्लेगनंतर. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते व बागा सोडून नवी वस्ती आखली गेली.

१९२५ साली माहीम पार्क खुला झाला. १९२७ साली त्यास ‘शिवाजी पार्क’ हे नाव मिळाले, ते म्युनिसिपालिटीच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने. १९१८ साली हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या त्या याच. २००७ साली राणीच्या बागेच्या कायापालटाची योजना आली, तेव्हा जुन्या वृक्षांसाठी आवाज उठविण्यात पुढे होत्या त्याही स्त्रियाच.

घरचे अंगण आपण रोज झाडतो, राखतो. मग शहराचे अंगण तरी परके का मानावे?