अंगठ्याचा ठसा आणि संसदेची देखरेख

जुन्या मराठी दस्तऐवजांत निरक्षर मनुष्याच्या अंगठ्याचा ठसा म्हणजे त्याची सही होय. त्या ठशाने तो व्यवहारास संमती देत असे. आज गोंदिया जिल्ह्यात रास्तभाव दुकानातील यंत्रावर शिधापत्रिकाधारक अंगठा ठेवतो, तेव्हा शासनाने आधीच साठविलेल्या ठशाशी तो ताडून पाहिला जातो. हा साठा निर्माण होत असता त्यावर संसदेची देखरेख कितपत होती, हा विचारणीय प्रश्न आहे.

विशिष्ट ओळख प्राधिकरण जानेवारी २००९ मध्ये केवळ अधिसूचनेने स्थापन झाले. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी वाटले गेले. तत्संबंधीचे विधेयक राज्यसभेत आले ते त्यानंतर, डिसेंबरमध्ये. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये ते त्या स्वरूपात अस्वीकारार्ह ठरविले. तथापि ठसे घेण्याचे काम थांबले नाही.

मार्च २०१६ मधील नवे विधेयक धन विधेयक म्हणून मांडले गेल्यामुळे राज्यसभेस शिफारशीपुरताच अधिकार उरला. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव माहिती उघड करण्याच्या आदेशांचे परीक्षण करणाऱ्या समितीत केंद्रीय दक्षता आयुक्त अथवा महालेखापरीक्षक असावा, अशी तिची एक सूचना होती. लोकसभेने तिच्या पाचही दुरुस्त्या फेटाळल्या. परिणामी त्या समितीत मंत्रिमंडळ सचिव व दोन खात्यांचे सचिव एवढेच राहिले. म्हणजे शासनाच्या आदेशांचे परीक्षक शासनाचेच अधिकारी झाले.

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा मुख्यतः वैध ठरविला. परंतु सुरक्षेविषयीची ही तरतूद आहे त्या स्वरूपात रद्द करून अशा निर्णयात न्यायिक अधिकाऱ्याचा सहभाग असावा, असे सुचविले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमतपत्रात धन विधेयकाचा मार्गच घटनाबाह्य मानला. जे परीक्षण सभागृहात व्हावयाचे, ते अशा रीतीने न्यायालयाकडे गेले.

शासकीय लाभांसाठी आधार मागण्याचे कलम ७ मात्र कायम राहिले. धानाच्या रोवणीने व मजुरीने झिजलेले बोट यंत्राने ओळखले नाही, तर काय करावे, हा प्रश्न गोंदियातील मजुराच्या दृष्टीने अन्नाचा आहे. असे प्रश्न विधिमंडळात विचारले जाण्याची वेळ ठसे घेण्यापूर्वीची असते. टेंभलीनंतर सुमारे साडेपाच वर्षांनी झालेल्या कायद्यास चालू व्यवस्थेला मान्यता देण्यापलीकडे फारसा वाव उरला नव्हता.