दांडा कोणाच्या हातात?

वर्धा आणि कॉफी हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्याकडची जुनी मंडळी गालातल्या गालात हसतात. हा मुलूख चहाचा. शिवाय सेवाग्राम इथून आठ किलोमीटरवर, आणि गांधीजींचे चहा-कॉफीशी कधी जमले नाही. तरीही आज मला कॉफी दळण्याच्या हातचक्कीविषयी बोलायचे आहे, कारण तिची गोष्ट फिरून आमच्याच जिल्ह्यात येते.

कॉफीचे पेय म्हणून पहिले पुरावे मिळतात ते येमेनच्या सूफी मंडळींत. रात्रीच्या जिक्राला जाग राहावी म्हणून ते कहवा पीत. बाबा बुदन नावाच्या सूफीने सतराव्या शतकात मोख्याहून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले, अशी परंपरा आहे. आपल्याकडे या दाण्यांना 'बुंद' म्हणत. तो शब्दही अरबीच. आणि विदर्भाला कॉफी अगदीच परकी नाही. चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून तिचे मळे आहेत.

पण दाणा भाजून भागत नाही, तो दळावा लागतो. अरबस्तानात तो खलात कुटत. तुर्कांनी उभट पितळी नळीची हातचक्की केली. तिच्यातून पीठ निघते मैद्यासारखे. फ्रान्सच्या प्यूजो घराण्याने १८४० मध्ये कॉफीची चक्की बाजारात आणली. मोटारी नंतर आल्या. फ्रान्समध्येच १८५२ साली मेयर आणि देलफोर्ज यांनी दट्ट्याच्या भांड्याचे पेटंट घेतले. पुढे मिलानच्या कालिमानी यांनी १९२९ मध्ये आणि बोंदानिनी यांनी १९५८ मध्ये त्यात सुधारणा केल्या. हीच आजची 'फ्रेंच प्रेस'. काचेच्या भांड्यात भरड घालायची, नुकते उकळून उतरवलेले पाणी ओतायचे, चार मिनिटे थांबायचे आणि जाळीचा दट्ट्या सावकाश खाली दाबायचा. पीठ बारीक असेल तर ते जाळीतून वर येते, पेल्यात गाळ उतरतो, चव कडवट होते. म्हणून भरड हवी. आणि ती किती जाड असावी, हे चक्कीचा स्क्रू फिरवून ठरवता येते.

माझा पुण्याचा पुतण्या सुटीत आला की ही दोन्ही यंत्रे घेऊन येतो. पाच मिनिटे दांडा फिरवतो आणि म्हणतो, "काका, हाताने दळण्यात वेगळीच मजा आहे." मी पितो. कॉफी खरोखर चांगली असते. पण 'मजा' या शब्दाशी मी अडखळतो.

आमच्या घरी जाते होते. दादी पहाटे चारला त्यावर बसे. ज्वारीचे पीठ आणि डाळीची भरड एकाच जात्यातून निघे. घास किती घालायचा आणि जाते कसे ओढायचे, हे तिच्या हाताला ठाऊक होते. ती उर्दू बोले आणि ओव्या मराठीत गाई. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आम्ही कवी त्या ओव्यांचे कौतुक करतो. पण ज्या खांद्यांतून त्या आल्या ते खांदे दुखत होते, हे सांगायला विसरतो. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जाते थांबले म्हणून दादी रडली नाही.

नेमक्या याच प्रश्नावर वर्ध्यात काम झाले होते. १९३४ साली इथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्की, घाणी, हातकांडप यांवर प्रयोग केले. हाताचे काम राहावे, पण त्यातली मरमर कमी व्हावी, हा त्यांचा ध्यास. १९३८ मध्ये उघडलेले मगन संग्रहालय त्याची साक्ष देते. त्याच्या कितीतरी आधी, जोहान्सबर्गला, गांधीजींनी सात पौंडांना एक लोखंडी हातचक्की घेतली होती. ती एकट्याला ओढत नसे. स्वतः गांधीजी, मित्र पोलाक आणि मुले ती फिरवत. कस्तुरबा अधूनमधून हात लावत. घरातले दळण पुरुषांनी अंगावर घेतले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९१३ च्या आरोग्यविषयक लेखांत त्यांनी कॉफीऐवजी एक पर्यायही सांगितला: गहू लालसर-काळे होईतो भाजा, दळा आणि त्यावर उकळते पाणी ओता.

पण तत्त्वाला माणसाची अडचणही कळावी लागते. जी. रामचंद्रन यांनी एक आठवण सांगितली आहे. आश्रमात एक दक्षिणी मुलगा आमांशातून उठत होता आणि कॉफीसाठी त्याचा जीव कासावीस झाला होता. आश्रमात कॉफी नाही, पण बांच्या स्वयंपाकघरात होती. बांना त्रास न देता बापूंनी ती स्वतः केली आणि त्याला नेऊन दिली. मला यात बापूंच्या मायेइतकेच बांच्या त्या कॉफीचे मोल वाटते. एवढ्या मोठ्या माणसाच्या शेजारी राहून त्यांनी आपली आवड आपल्यापाशी ठेवली होती.

हाताने दळणे थोर की कमी, हे यंत्रावरून ठरत नाही. दांडा कोण फिरवतो आणि त्याला 'नको' म्हणता येते का, यावरून ठरते. पुतण्याला तसे म्हणता येते. माझ्या दादीला येत नव्हते. हाताच्या कामाचे गुण गाताना एवढा फरक आपण ध्यानात ठेवला, तर मगनवाडीतल्या त्या माणसांचे कष्ट वाया गेले नाहीत, असे मी म्हणेन.