चिखलांतून एकोणीसशें मैल

सायकल हें गुळगुळीत रस्त्याचें वाहन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. डोंगर, दलदल व रान यांतून मुद्दाम सायकल हांकण्याचा जो खेळ आज देशोदेशीं चालतो, त्याचा जन्म १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत झाला असें मानतात. जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरमाथ्यावर नेऊन तेथून उतारावर सोडून देण्याचा नाद तेथील तरुणांना लागला व त्यांतून सायकलीची एक नवी जात निपजली. परंतु त्याच्या आधीं सुमारें ऐंशी वर्षें, अमेरिकेच्याच मोंटाना राज्यांत, कांहीं माणसें सायकली घेऊन अशाच वाटांनीं गेलीं होतीं. त्यांचें जाणें खेळासाठीं नव्हतें. तीं सरकारी चाकरीचीं माणसें होतीं, आणि त्यांच्या पाठीवर बंदुका होत्या.

मोंटानांतील फोर्ट मिसूला या छावणींत १८८८ सालापासून अमेरिकन सैन्याची पंचविसावी पायदळ पलटण राहत असे. यादवी युद्धानंतर अमेरिकेनें कृष्णवर्णीय शिपायांच्या ज्या चार पलटणी कायम ठेवल्या, दोन घोडदळाच्या व दोन पायदळाच्या, त्यांपैकीं ही एक. शिपाई व हवालदार सारे काळे, त्यांना हुकूम देणारे अधिकारी गोरे, अशी तिची रचना होती. गजबजलेल्या शहरांपासून दूर, पश्चिमेकडील एकाकी ठाण्यांवर या पलटणींचे दिवस जात.

या पलटणींत जेम्स मॉस नांवाचा एक तरुण लेफ्टनंट होता. लुइझियाना प्रांतांत जन्मलेला हा गृहस्थ १८९४ मध्यें वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांतून बाहेर पडला, तो आपल्या वर्गांत अगदीं शेवटच्या क्रमांकानें. पण सायकलीचें वेड मात्र त्याला पहिल्या प्रतीचें होतें. घोड्याला दाणावैरण लागते, पाणी लागतें, तो खिंकाळतो, आजारी पडतो आणि मरतो. सायकलीला यांतलें कांहींच होत नाहीं, हा त्याचा युक्तिवाद. युरोपांतील सैन्यांत सायकलीचा प्रवेश झालाच होता. अमेरिकेचे सरसेनापति जनरल माइल्स यांनाही या वाहनाबद्दल आस्था होती. तेव्हां १८९६ सालीं मॉसला परवानगी मिळाली, स्पॉल्डिंग कंपनीनें सायकली फुकट वापरावयास दिल्या, आणि आठ शिपायांची एक तुकडी तयार झाली.

कवाईत पाहण्यासारखी असे. नऊ फूट उंचीचें कुंपण सायकलींसह वीस सेकंदांत ओलांडावयाचें. ओढा आला कीं सायकल काठीला अडकवून ती काठी दोघांनीं खांद्यावर घ्यावयाची व पाण्यांत उतरावयाचें. या विद्येचा उपयोग लवकरच झाला. १८९६ च्या ऑगस्टमध्यें ही तुकडी मिशन पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या मॅक्डॉनल्ड सरोवराकडे निघाली. जाऊन येऊन अंतर १२६ मैलांचें, दिवस चार. पण त्यांत पाऊस लागला. त्या खोऱ्यांतील माती भिजली म्हणजे लुकणासारखी होते. ती टायराला चिकटते, चाक व चिमटा यांच्यामधल्या जागेंत दाबून बसते, आणि थोड्याच वेळांत चाक फिरेनासें होतें. मग उतरावें, काटकीनें माती खरवडावी, चार पावलें पुढें जावें आणि पुन्हां उतरावें. रानांत वाटेवर वृक्ष आडवे पडलेले. त्यांवरून सायकली उचलून न्याव्या लागत. पावसानें फुगलेले ओढे वारंवार आडवे येत. ज्या वाहनानें माणसाला वाहावयाचें, त्यालाच माणसानें वाहण्याचा हा प्रकार होता.

त्यानंतर ती तुकडी यलोस्टोनच्या सुप्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाऊन आली. जातां-येतां सुमारें ८०० मैल. मिनर्व्हा टेरेस नांवाच्या पांढऱ्याशुभ्र चुनखडीच्या पायऱ्यांवर सायकली घेऊन उभ्या असलेल्या या शिपायांचें त्या वेळीं घेतलेलें छायाचित्र आज अनेक पुस्तकांतून दिसतें. तो फेरफटका बराच सुखाचा झाला असावा. शिपायांनीं गरम पाण्याचे फवारे पाहिले आणि तीं मंडळी परत आली.

खरी कसोटी पुढल्या वर्षीं लागली. मिसूलाहून मिसिसिपी नदीकांठच्या सेंट लुइसपर्यंत, म्हणजे सुमारें १,९०० मैल, जाण्याचा बेत मॉसनें आंखला. जागा वीस होत्या आणि पुढें आलेले शिपाई त्याहून पुष्कळ अधिक होते. १४ जून १८९७ रोजीं पहांटे वीस शिपाई, मॉस, एक डॉक्टर व एडवर्ड बूस नांवाचा एकोणीस वर्षांचा बातमीदार अशी तेवीस माणसें छावणीबाहेर पडलीं. नुसती सायकल ३२ पौंडांची. तंबू, कांबळीं व शिधा बांधल्यावर ती ५९ पौंडांची होई. लांकडी धांवा टिकणार नाहींत म्हणून चाकांना पोलादी धांवा बसविल्या होत्या. शिवाय प्रत्येकाजवळ क्रॅग बंदूक व पन्नास काडतुसें. शिधा दोन दिवसांचाच बरोबर असे. पुढचा शिधा सुमारें शंभर शंभर मैलांवरील स्थानकांवर आगगाडीनें आधीं धाडलेला असे. सायकलींच्या दुरुस्तीचें काम जॉन फिंडले या शिपायाकडे होतें. आणि शिपायांवर देखरेख होती ती मिंगो सँडर्स या ३९ वर्षांच्या हवालदाराची. १८८१ पासून सैन्यांत असलेल्या या गृहस्थाची एका डोळ्याची दृष्टि अधू होती. हें नांव ध्यानांत असूं द्यावें. तें पुढें पुन्हां यावयाचें आहे.

पहिल्या दिवसापासूनच पाऊस सुरू झाला. रॉकी पर्वताचा माथा ओलांडतांना ऐन जून महिन्यांत हिमवर्षावानें गांठलें. खालीं नद्यांच्या खोऱ्यांत उतरल्यावर तोच जुना शत्रु, तो चिखल! त्या मुलखांत या चिकण चिखलाला ‘गंबो’ असें खास नांवच आहे. रस्ता अगदींच अशक्य झाला कीं ही मंडळी लोहमार्गावर चढत. रुळांखालच्या ओंडक्यांवरून सायकल हांकणें म्हणजे मैलोगणती पायऱ्या उतरण्यासारखें. हाडें खिळखिळीं होत, पण चाक तरी फिरे. लिटल बिगहॉर्नच्या खोऱ्यांतून, जेथें १८७६ मध्यें कस्टरच्या सैन्याचा धुव्वा उडाला होता, ती तुकडी वायोमिंगमध्यें शिरली. पुढें नेब्रास्कांत चिखल संपला, तर वाळूच्या टेकड्या लागल्या. वाळूंत चाक रुते, म्हणून सायकली ढकलीत पायींच चालावें लागे. ऊन असह्य. पाणी क्षारयुक्त, तें पिऊन शिपाई आजारी पडूं लागले, खुद्द मॉसही आजारी पडला. तुकडी मात्र थांबली नाहीं.

शेवटचा टप्पा मिसुरी राज्याचा. १८६५ पर्यंत या राज्यांत गुलामगिरी कायदेशीर होती. ज्यांच्या बापजाद्यांनीं हा व्यवहार पाहिला होता, त्यांच्या शेतांवरून आतां वीस काळे शिपाई सरकारी गणवेषांत, सरकारी बंदुका लावून चालले होते. याचें मोल त्या शिपायांना कळत नसेल, असें मानण्याचें कारण नाहीं.

२४ जुलै रोजीं, म्हणजे निघाल्यापासून एकेचाळिसाव्या दिवशीं, ते सेंट लुइसला पोंचले. शहरांतले सायकलस्वार शेंकड्यांनीं सामोरे गेले. फॉरेस्ट पार्कमध्यें त्यांची छावणी पडली व ती पाहण्यास हजारों माणसें लोटलीं. मॉसनें आपल्या अहवालांत सायकलीचे गुणदोष मांडले. पायदळ व घोडदळ यांची जागा ती घेणार नाहीं, मात्र त्यांना पूरक म्हणून तिचा उपयोग होईल, असा त्याचा निष्कर्ष. आणखी पुढें सेंट पॉलपर्यंत जाण्याची त्याची इच्छा होती. वरिष्ठांनीं ती मानली नाहीं. शिपाई आगगाडीनें मिसूलास परतले. पुढच्याच वर्षीं स्पेनशीं युद्ध जुंपलें, पलटण क्यूबाकडे निघाली, आणि सायकलींचा विषय बाजूला पडला तो पडलाच. मोटारगाडी आल्यावर त्याची आठवणही कोणी काढली नाहीं.

या साऱ्या प्रयोगांत एक विचित्र गोष्ट अशी कीं, परीक्षा यंत्राची घ्यावयाची ठरली होती आणि द्यावी लागली ती माणसांना. धांवा टिकल्या कीं नाहींत, टायर किती फुटले, वेग काय पडला, हें सारें नोंदलें गेलें. पण चिखलांत जेव्हां सायकल निरुपयोगी ठरे तेव्हां ती वाहून नेणारे खांदे कोणाचे होते, हा प्रश्न अहवालाच्या कक्षेंत येत नव्हता. मॉसला वाईट म्हणण्याचें कारण नाहीं. त्यानें आपल्या शिपायांची प्रशंसा केली आहे. दोष त्या प्रश्नाचा होता.

पुढें काय झालें? पंचविसावी पलटण क्यूबांत एल केनीच्या लढाईंत लढली, मग फिलिपाइन्समध्यें गेली. सँडर्स दोन्हीकडे होता. क्यूबांत कर्नल थिओडोर रूझवेल्ट यांच्या विनंतीवरून आपल्या शिपायांनीं त्यांच्या उपाशी स्वारांना स्वतःचीं बिस्किटें वांटून दिलीं, अशी हकीकत सँडर्सनें नंतर सांगितली. १९०६ च्या उन्हाळ्यांत पलटणीचा एक भाग टेक्ससमधील ब्राउन्सव्हिल गांवीं आला. १३ ऑगस्टच्या रात्रीं गांवांत गोळीबार झाला. एक मनुष्य ठार झाला व एक पोलीस जखमी झाला. आळ शिपायांवर आला. ते त्या वेळीं छावणींतच होते, असें त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीं सांगितलें. कोणावरही खटला झाला नाहीं, कोणाचा गुन्हा शाबीत झाला नाहीं. आतां राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्याच रूझवेल्ट यांनीं १६७ शिपायांना एका हुकुमानें सन्मानाविना बडतर्फ केलें. त्यांत मिंगो सँडर्स होता. पंचवीस वर्षांची नोकरी झालेली, निवृत्तिवेतन अगदीं हातातोंडाशीं आलेलें, तें गेलें. सिनेटर फोरेकर यांनीं या शिपायांची बाजू सिनेटमध्यें नेटानें मांडली. १९१० मध्यें चौदा जणांना सैन्यांत परत घेण्यांत आलें. सँडर्स त्या चौदांत नव्हता.

बडतर्फीचा तो हुकूम १९७२ सालीं रद्द झाला आणि साऱ्यांची सेवा सन्मान्य ठरविण्यांत आली. तोंवर हयात असलेल्या शिपायांत डॉर्सी विलिस हा एक होता. त्याला १९७३ मध्यें २५,००० डॉलर देण्यांत आले. मिंगो सँडर्स १९२९ मध्येंच वॉशिंग्टन येथें वारला होता.